भूमिकांचा खेळ : समज आणि प्रत्यक्ष



वसंत व्याख्यानमालेत लोक राज्यकारभारावर बोलतात, संतवाङ्मयावर बोलतात, पाण्याच्या प्रश्नावर बोलतात. आम्ही एका खेळावर बोलणार आहोत, आणि तोही कुस्ती किंवा क्रिकेट यांसारखा मैदानात दिसणारा नव्हे. हा खेळ चार-सहा माणसे टेबलाभोवती बसून बव्हंशी बोलूनच खेळतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. आणि जेथे काही दिसत नाही तेथे काय चालले असेल याविषयी माणसे मनाला येईल तशी कल्पना करीत बसतात. या खेळाच्या नशिबी नेमके हेच आले. त्या कल्पनांपायी मुलांच्या हातची पुस्तके काढून घेण्यात आली, एक खटला अमेरिकेच्या अपील न्यायालयापर्यंत गेला, आणि एका व्यथित मुलाच्या दुःखाचे खरे कारण काही वर्षे झाकून राहिले. तेव्हा समज काय आहेत आणि टेबलावर खरोखर काय घडते, ते आज पाहावयाचे आहे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. नावाचा अर्थ भुयारे आणि अग्निमुखी सर्प असा काहीसा करता येईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स या गृहस्थांनी मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांच्या सहकार्याने तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. त्यानंतर या जातीचे पुष्कळ खेळ निघाले. कोणी अंतराळात नेले, कोणी भयकथेत नेले. पण मूळ पद्धत तीच. एक जण सूत्रधार होतो. (ते त्याला डंजन मास्टर म्हणतात, आपल्याकडे सूत्रधार हा शब्द तयार असताना दुसरा शोधण्याचे कारण नाही.) बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुम्ही दगडी जिन्याच्या तळाशी आहात, समोर लोखंडी दार आहे, आतून कुजबुज ऐकू येते." खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. निकाल उघड नसेल तर फासे पडतात. मग काय झाले ते सूत्रधार सांगतो आणि पुन्हा खेळाडूंची पाळी येते. पट असेल तर असतो, नसेल तर नसतो. फासे मात्र चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे. भूमितीतल्या पाच नियमित घनाकृतीच त्या.

याची वंशावळ युद्धाच्या खेळात आहे. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले, आणि त्यात निवाडा देणारा एक पंच ठेवला होता. तो पंच म्हणजे आपल्या सूत्रधाराचा पणजोबा. परंतु खरी कलाटणी १९६९ मध्ये मिनेसोटात मिळाली. डेव्हिड वेस्ली या तरुणाने 'ब्राउनश्टाइन' नावाच्या एका काल्पनिक प्रशियन गावावर लढाई मांडली, आणि सेनापतींखेरीज त्या गावातल्या इतर माणसांच्या भूमिकाही मित्रांना वाटून दिल्या. झाले असे, की लढाई सुरूच होईना. मंडळी एकमेकांना कोपऱ्यात गाठून गुप्त करार करू लागली. वेस्लींना वाटले, आपला खेळ पार फसला. आणि मित्र म्हणू लागले, पुन्हा केव्हा? त्या मित्रांत आर्नेसन होते. म्हणजे योजणाऱ्याने एक योजावे आणि खेळणाऱ्यांनी दुसरेच करावे, हा या खेळाचा धर्म त्याच्या जन्माआधीपासूनचा आहे.

आता समजांकडे वळू. सर्वांत मोठा आणि सर्वांत अनर्थकारी समज असा, की हा खेळ खेळणारा आपण कोण हे विसरतो; पात्राचे आयुष्य जगू लागतो आणि पुढे वेडा होतो.

हा समज पसरला त्याला एक निमित्त झाले. ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक अतिशय हुशार विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. त्याला हा खेळ ठाऊक होता. विद्यापीठाच्या इमारतींखालून वाफेचे नळ नेणारी भुयारे आहेत. कुटुंबाने नेमलेल्या विल्यम डिअर या खाजगी गुप्तहेराने पत्रकारांपुढे तर्क मांडला, की मुलगा त्या भुयारांत प्रत्यक्ष खेळ खेळावयास गेला असावा आणि तेथेच हरवला असावा. वर्तमानपत्रांना याहून अधिक काय हवे? भुयार, राक्षस, हरवलेला बालबुद्धिमंत! मुलगा सुमारे महिन्याने लुइझियानात सापडला. त्याच्या नाहीसे होण्याचा खेळाशी संबंध नव्हता. तो एकाकी होता, खिन्नतेने ग्रासलेला होता, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांत जाऊन पडला होता, आणि जीव द्यावा या विचाराने घराबाहेर पडला होता. पुढल्या वर्षी तो गेला. डिअर यांनी ही खरी हकीकत आपल्या पुस्तकात सांगितली ती १९८४ मध्ये. मधल्या काळात, १९८१ साली, रोना जॅफी यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी येऊन गेली, १९८२ मध्ये तिच्यावरून दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला, आणि त्यात तेव्हा कोवळ्या वयाचा असलेला टॉम हँक्स खेळापायी भ्रमिष्ट झालेला तरुण झाला. लोकांनी चित्रपट पाहिला. डिअर यांचे पुस्तक किती जणांनी वाचले असेल, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

१९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका आईचा मुलगा आत्महत्येने गेला. पॅट्रिशिया पुलिंग हे त्यांचे नाव. शाळेत खेळताना मुलाच्या पात्राला शाप दिला गेला आणि त्यामुळे तो गेला, अशी त्यांची समजूत झाली. १९८३ मध्ये त्यांनी या खेळाविरुद्ध संघटना काढली, आणि १९८५ मध्ये हा वाद 'सिक्स्टी मिनिट्स' या देशभर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमापर्यंत पोहोचला. पुत्रशोकाने होरपळलेल्या आईला उत्तर द्यावयाचे कसे? आम्हांला त्या बाईंची थट्टा करवत नाही. पण त्यांनी गोळा केलेल्या प्रकरणांची यादी तपासणे हे कोणाचे तरी काम होतेच. मायकेल स्टॅकपोल या लेखकाने ते १९९० मध्ये केले. त्याचे म्हणणे साधे होते : लक्षावधी तरुण हा खेळ खेळतात; त्या वयाच्या मुलांत आत्महत्यांचे जे सर्वसाधारण प्रमाण आहे ते या खेळाडूंना लावले, तर जेवढ्या दुर्दैवी घटना निव्वळ योगायोगाने घडावयास हव्या त्यांच्यापुढे आरोपकर्त्यांची यादी फारच तोकडी पडते. इकडे कंपनीने १९८९ च्या नव्या आवृत्तीतून सैतान-पिशाचांची रूढ नावे गाळली. प्राणी तेच राहिले. नावे मात्र उच्चारायला कठीण अशी नवी दिली. धंदेवाईक माणसाची भीती ही अशी असते.

पण आकडे बाजूला ठेवून टेबलाशीच जाऊन बसू. माणूस स्वतःला विसरतो काय? तेथली वाक्ये ऐकावीत. "मी दाराला कान लावतो." "मी चौदा टाकले." "मी चहा ओततो, तुम्ही चालू द्या." एकाच माणसाने मिनिटभरात उच्चारलेली ही तीन वाक्ये, आणि तिन्हींतला 'मी' वेगळा. पहिला 'मी' भुयारातला चोर आहे, दुसरा खेळाचे नियम पाळणारा खेळाडू आहे, तिसरा घरी पाहुणा आलेला गृहस्थ आहे. गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने मिनेसोटातल्या खेळाडूंत बसून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने दाखविलेली मुख्य गोष्ट हीच, की खेळणारी माणसे व्यक्ती, खेळाडू आणि पात्र या तीन थरांवरून सारखी वरखाली करीत असतात. आणि यात त्यांचा गोंधळ होत नाही. बोलणारा कोणत्या 'मी'तून बोलला हे टेबलावरच्या सगळ्यांना न सांगता कळते. भातुकलीत मुलगी "आई आता बाजारात गेली हं" असे सांगून तिथल्या तिथे मैत्रिणीच्या परकराचे बटण लावून देते, तेव्हा तरी ती कोठे हरवलेली असते?

किंबहुना आमची तक्रार उलट आहे. ज्या बैठकी आम्ही जवळून पाहिल्या त्यांत तल्लीनता टिकता टिकत नाही. भीषण प्रसंग रंगात येतो आणि कोणाला तरी विनोद सुचतो. राजाच्या दरबारात गंभीर भाषण चालू असता फासा टेबलाखाली जातो आणि तिघे वाकून तो शोधू लागतात. चार तासांच्या बैठकीत खऱ्या अर्थाने मंत्रमुग्ध झालेली मिनिटे वीस निघाली तरी मंडळी समाधानाने घरी जातात. उरलेला वेळ हिशेबात जातो. होय, हिशेबात! १९८१ सालच्या प्राथमिक नियमपुस्तकात मशाल एक तास जळते, कंदिलातले तेल चार तास पुरते, आणि प्रत्येक वस्तूचे ओझे सोन्याच्या नाण्यांत मोजतात, दहा नाण्यांचा एक पौंड. खजिना सापडला म्हणजे आनंद होतोच, पण लगेच प्रश्न पडतो की तो वाहून न्यायचा कोणी. एक जण चौकटीच्या कागदावर नकाशा काढतो; तो चुकला तर सगळे चुकतात. भुते-खेते नाचविणारा संप्रदाय म्हणून ज्याची दहशत घातली गेली, तो पाहावयास गेले तर पतपेढीच्या वार्षिक हिशेबाशी त्याचे अधिक साम्य आढळते.

दुसरा समज : हा खेळ म्हणजे कापाकापी. हा केवळ बाहेरच्यांचा नाही. खेळणारे नव्या पिढीचे लोकही म्हणतात, की आमचे पूर्वसूरी दार फोडून दिसेल त्याला मारीत, आम्ही मात्र कथा सांगतो. जुने नियम उघडून पाहिले म्हणजे हे म्हणणे टिकत नाही. टॉम मोल्डवे यांनी संपादिलेले ते १९८१ चेच पुस्तक घेऊ. त्यात योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर चढण्यासाठी दोन हजार अनुभवगुण लागतात. गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसाला हरवले तर मिळतात पाच. म्हणजे एकट्याने नुसते गॉब्लिन मारून वर चढावयाचे तर चारशे मारावे लागतील. आणि सोबती असतील तर गुणांची वाटणी होणार. उलट सोन्याचे एक नाणे सुखरूप बाहेर आणले की एक गुण. आता पहिल्या पायरीवरच्या योद्ध्याचे बळ एक ते आठ, आणि तलवारीच्या एका वाराने होणारी इजाही एक ते आठ. एका वारात मरणारा माणूस चारशे लढाया करील काय? नियमांनीच त्याला शिकविले, की लढू नकोस. चोरून आण, बोलून आण, फसवून आण.

आणि समोरचा तरी लढावयासच बसलेला असतो काय? सूत्रधाराने आधी ठरविले नसेल तर भेटलेल्या प्राण्याचा रोख दोन सहाबाजूंच्या फाशांवर ठरतो. दोन आले तर तो तत्काळ हल्ला करतो; तीन ते पाच आले तर वैरभाव, हल्ल्याचा संभव; सहा ते आठ आले तर तो घुटमळतो; नऊ ते अकरा आले तर हल्ला नाही; आणि बारा आले तर चक्क उत्साहाने मैत्री. दोन फाशांचे छत्तीस प्रकार मांडून पाहावेत. तत्काळ हल्ल्याचा त्यांत एक, वैरभावाचे नऊ, घुटमळण्याचे सोळा, सोडून देण्याचे नऊ, मैत्रीचा एक. छत्तिसांपैकी सव्वीस वेळा समोरचा राक्षस बोलणी करण्याजोगा असतो! हा कोष्टकाचा तुकडा आम्हांला त्या पुस्तकातला सर्वांत सुसंस्कृत भाग वाटतो. मग कापाकापीची कीर्ती आली कोठून? एक कारण असे, की पुष्कळ टेबलांवर हा तक्ता कोणी वापरीतच नसे. पुस्तक सांगते एक, अकरा-बारा वर्षांची पोरे करतात दुसरे. आणि त्या वयाच्या पोरांच्या हाती लाकडी तलवार दिली तरी ती वाटाघाटी करीत नाहीत.

तिसऱ्या प्रकारचे समज खेळाडूंनी स्वतःच स्वतःविषयी करून घेतले आहेत. अमुक हा बळाचा लोभी, तमुक हा नियमांचा वकील, हा नटवा, हा लढवय्या. १९८० मध्येच ग्लेन ब्लॅको या लेखकाने एका मासिकातून चार प्रवृत्ती सांगितल्या : भूमिका करणारे, कथा रचणारे, बळ वाढविणारे आणि युद्ध खेळणारे. पुढे या वर्गवारीला अंत राहिला नाही. वर्गवारी निरुपयोगी आहे असे नव्हे. पण ती माणसांना चिकटविली की चुकते. नियमपुस्तक उघडून "पान पाहा" म्हणणारा वकील आपल्या पात्राचा म्हातारा गुरू मरू लागला की एकाएकी पुस्तक मिटतो. लाजाळू म्हणून जिला कोणी नटवी म्हणणार नाही ती बाई तीन बैठका गप्प राहून चौथ्या बैठकीत दरोडेखोराला असे काही सुनावते, की सूत्रधाराला पुढे काय बोलावे सुचत नाही. संध्याकाळी आठ वाजताचा खेळाडू आणि साडेदहाचा खेळाडू हे एकाच वर्गात बसतीलच असे नाही. कधी तर फरक इतकाच असतो, की मधे जेवण झालेले असते.

अलीकडे एक सन्मानाचा समजही आला आहे, आणि तो आम्हांला कमी त्रासदायक वाटत नाही. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' नावाचा कार्यक्रम प्रक्षेपित होतो. त्यात आवाजाचा अभिनय हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशी मंडळी हा खेळ खेळतात. ते पाहून नवशिक्याला वाटते, की सूत्रधाराला पन्नास आवाज यावेत, प्रत्येक पात्राला करुण पूर्वेतिहास असावा, आणि दर बैठकीत कोणीतरी रडावे. आपल्या कोकणात दशावतारी नाटके होतात. त्यांना लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. ते पाहून कोणी म्हणेल काय, की ज्याला तसे बोलता येत नाही त्याने घरात गोष्ट सांगू नये? शिवाय दशावतारात शेवट ठरलेला असतो आणि समोर प्रेक्षक असतात. या खेळात दोन्ही नाहीत. टेबलावरचे बोलणे टेबलावरच्यांसाठी असते. ते अडखळते, मागे येते, "थांबा, असे नको, पुन्हा सांगतो" म्हणते. त्याचप्रमाणे हा खेळ सहकार्य शिकवितो, सहानुभूती वाढवितो, असे गुणगानही आता ऐकू येते. आम्ही चांगल्या बैठकी पाहिल्या, तशा वाईटही पाहिल्या. कोणी एकटाच तासभर बोलतो, कोणी दुसऱ्याच्या पात्राला मुद्दाम छळतो, रुसवे होतात, मैत्री तुटते. पत्त्यांच्या डावावरून हे सर्व होते, भजनी मंडळातही होते. खेळावर सैतानाचा आरोप नको, तसा संतपणाही नको.

राहिला शेवटचा समज, सूत्रधाराविषयीचा. तो हुकूम सोडतो आणि बाकीचे पाळतात, असे पुष्कळांना वाटते. विस्कॉन्सिनमधल्या वॉपन येथील तुरुंगात, म्हणजे ज्या राज्यात हा खेळ जन्मला तेथेच, कैदी तो खेळत असत. २००४ मध्ये अधिकाऱ्यांनी एका कैद्याची खेळाची पुस्तके आणि त्याने हाताने लिहिलेले शहाण्णव पानांचे कथानक जप्त केले व खेळावर बंदी घातली. कारण काय? एक सूत्रधार इतरांना कृती सांगतो, आणि ही रचना टोळीच्या रचनेसारखी आहे. कैदी न्यायालयात गेला. खेळामुळे टोळीबाजी झाल्याचे आम्ही कधी पाहिले नाही, अशी प्रतिज्ञापत्रे त्याने सहकैद्यांची आणि बाहेरच्या जाणकारांची आणली. जानेवारी २०१० मध्ये सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की तुरुंगाधिकाऱ्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही, आणि बंदी कायम राहिली. कायद्याच्या दृष्टीने न्यायाधीशांचे बरोबर असेल. तुरुंगाच्या कारभारात अधिकाऱ्यांना मोकळीक द्यावी ही तेथली रीत आहे. पण वस्तुस्थितीच्या दृष्टीने पाहता, सूत्रधाराइतका अवज्ञा सोसणारा पुढारी दुसरा दाखवावा. तो आठवडाभर खपून किल्ला रचतो. खेळाडू किल्ल्याकडे पाठ फिरवून वाटेतल्या सराईच्या मालकाशी गप्पा मारीत बसतात. त्याने योजलेला खलनायक वीस बाजूंच्या फाशावर वीस आल्यामुळे पहिल्याच फेरीत आडवा होतो. योद्ध्याला "तू आता घाबरलास, पळ" असे त्याने सांगितले, तर खेळाडू खेळाच्या नियमानेच विचारतो, "मी पळतो की नाही हे ठरविणारे तुम्ही कोण?" टोळीचा म्होरक्या असले प्रश्न ऐकून घेईल असे वाटत नाही.

टेक्सासमध्ये देहदंडाची शिक्षा झालेले कैदी पोलुन्स्की येथील तुरुंगात एकेकट्याच्या कोठडीत असतात. दिवसाचे बहुतेक तास त्यांना कोणाचा सहवास नाही. त्यांच्यातले काही जण हाच खेळ खेळत आले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर वृत्तान्तावरून सर्वांना कळले. फासे बाळगण्यास मनाई, म्हणून ते आकड्यांची फिरकी करतात. नियम, नकाशे आणि पात्रांची टिपणे कागदावर उतरवून चिठ्ठ्यांनी एकमेकांकडे पोहोचवितात, आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात खेळतात. तेथे पोशाख नाही, पट नाही, टेबलसुद्धा नाही. एकाने दाराशी येऊन सांगावयाचे, की पुढे दोन वाटा फुटतात. आणि पलीकडच्या कोठडीतल्याने थोडा वेळ घेऊन सांगावयाचे, की डावीकडच्या वाटेने जाऊ, पण आधी मशाल किती उरली ते सांगा.